गुलमोहराची आठवण : पश्चिम भारतातील फुलझाडे आणि स्मरणरंजनाचा इतिहास

प्रस्तावना

वृक्षांचा इतिहास हा सामान्यतः वनस्पतिशास्त्राचा अथवा वनव्यवस्थापनाचा विषय मानला जातो, तर फुललेला वृक्ष पाहून मनात जागी होणारी हुरहुर साहित्याच्या अभ्यासकांकडे सोपवली जाते. या विभागणीमुळे एक साधा प्रश्न दुर्लक्षित राहिला आहे. मराठी माणसाला ज्या वृक्षांमुळे बालपण, शाळा आणि मे महिन्याची सुट्टी आठवते, ते वृक्ष त्याच्या परिसरात केव्हा आणि कोणत्या मार्गाने आले? या प्रश्नाचे उत्तर शोधू गेल्यास असे दिसून येते की, अनादी वाटणाऱ्या या आठवणींचे वय फार तर दीड-पावणेदोन शतकांचे आहे. गुलमोहर हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. प्रस्तुत निबंधात गुलमोहराला केंद्रस्थानी ठेवून, फुलझाडांशी निगडित स्मरणरंजन हे निसर्गदत्त नसून इतिहासाने घडवलेले आहे, या मुद्द्याचा विचार केला आहे.

येथे ‘स्मरणरंजन’ या संज्ञेविषयी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. पाश्चात्त्य भाषांत या भावनेला ‘नॉस्टॅल्जिया’ म्हणतात. हा शब्द योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बासेल येथे सादर केलेल्या प्रबंधात घडवला. ‘घरी परतणे’ आणि ‘वेदना’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड आहे. होफरच्या लेखी तो एक आजार होता. मायदेशापासून दूर असलेल्या स्विस लोकांना तो जडत असे आणि घरी पाठवणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय मानला जाई. म्हणजेच मुळात ही वेदना स्थळाच्या दुराव्याची होती. काळाच्या दुराव्याची वेदना हा तिचा अर्थ पुढे आला, आणि त्या वेदनेवर घरी परतणे हा उपाय चालत नाही. मराठीत ‘गतकातरता’ हाही शब्द वापरला जातो. त्यात वेदना अधिक आहे, तर ‘स्मरणरंजन’ या शब्दात सुख अधिक. दोन्ही शब्द गेलेल्या काळाविषयी बोलतात, गेलेल्या गावाविषयी नव्हे, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे.

मोहोर आणि विरह

महाराष्ट्रातील फुलांविषयीची सर्वांत जुनी काव्यसाक्ष सातवाहन राजा हाल याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘गाथासप्तशती’त मिळते. महाराष्ट्री प्राकृतातील या संग्रहात पळस, आंबा, कदंब हे वृक्ष वारंवार येतात. एका गाथेत जमिनीवर पडलेल्या पळसफुलांना बुद्धचरणी दंडवत घातलेल्या भिक्षुसंघाची उपमा दिलेली आहे. त्या काळातील धर्मजीवनाचा पुरावा म्हणून या उपमेचा उल्लेख नेहमी होतो. परंतु तिचे आणखी एक महत्त्व असे की, केशरी फुलांनी झाकलेली वसंतातील भूमी पाहताना गाथाकाराला भूतकाळ आठवत नाही, समोरचा वर्तमानच दिसतो.

या संग्रहातील मोहोर हुरहुर लावतो, परंतु ती प्रवासाला गेलेल्या पांथस्थाची किंवा घरी वाट पाहणाऱ्या त्याच्या पत्नीची हुरहुर आहे. आंबा मोहरला आणि अजून तो परतला नाही, अशी ही भावना आहे. फूल येथे पंचांगासारखे काम करते आणि परतीची मुदत टळल्याचे सांगते. या वेदनेवर उपाय आहे, तो म्हणजे प्रवासी घरी येणे. होफरच्या मूळ व्याख्येच्या ती जवळची आहे.

संस्कृत परंपरेत याहून वेगळा असा एक विचार आढळतो. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकात दुष्यंत एक गीत ऐकतो आणि कारण न कळता व्याकुळ होतो. रम्य वस्तूंच्या दर्शनाने सुखी माणूसही अस्वस्थ होतो, कारण पूर्वजन्मींचे स्नेह त्याला नकळत स्मरत असावेत, असे स्पष्टीकरण तो स्वतःला देतो. अभिनवगुप्तासारख्या रसमीमांसकाने या श्लोकाची दखल घेतली ती याच कारणामुळे. सौंदर्याने जागी होणारी, विषय नसलेली ही आठवण आधुनिक स्मरणरंजनाच्या फार जवळ जाते. तथापि दुष्यंताची स्मृती जन्मांतरीची आहे. त्यात बालपणाचा, शाळेचा किंवा विशिष्ट वर्षांचा उल्लेख नाही आणि असणे शक्यही नव्हते.

लोकपरंपरेत मात्र स्थळाचा दुरावा दीर्घकाळ टिकला. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा ‘घर सुटलेला’ समाज म्हणजे सासरी गेलेल्या स्त्रिया. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रचंड संग्रहात माहेराची ओढ हा एक प्रमुख विषय आहे. दक्षिण कोकण आणि गोव्यातील सुरंगी हे याच जातीच्या स्मृतीचे झाड म्हणता येईल. फाल्गुनाच्या सुमारास फुलणाऱ्या सुरंगीचे वळेसर त्या पट्ट्यातील स्त्रियांच्या केसांत दिसतात. हे झाड घाटावर फारसे आलेच नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्या कोकणी माणसाला सुरंगीचा वास म्हणजे गावच आठवते.

देव झालेले परदेशी

गोव्यात १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ छापला गेला. त्यात पारिजातकावर एक संवाद आहे. ओर्ता त्याला ‘दुःखी वृक्ष’ म्हणतो आणि सूर्यावर प्रेम केलेल्या व निराशेने देहत्याग केलेल्या राजकन्येच्या रक्षेतून तो उगवल्याची स्थानिक कथा सांगतो. म्हणून तो सूर्यदर्शन टाळतो आणि रात्री फुलतो. लिनियसने १७५३ मध्ये दिलेल्या शास्त्रीय नावात हा ‘दुःखी वृक्ष’ कायम राहिला. सत्यभामा आणि रुक्मिणी यांच्या अंगणांतील पारिजातकाची कथा सांगणाऱ्या मराठी घरात याच झाडाला दुःखी कोणी म्हणत नाही. एकाच फुलाच्या वाट्याला दोन भाषांत दोन वेगळ्या भावना आल्या, याचे हे चांगले उदाहरण आहे.

पोर्तुगीज आणि त्यांच्यामागून आलेल्या युरोपीय दर्यावर्दींच्या काळात वनस्पतींची ये-जा दोन्ही दिशांनी झाली. खुरचाफा किंवा पांढरा चाफा हा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका व कॅरिबियन बेटांकडील. त्याला येथे ‘चाफा’ हे नाव मिळाले ते मूळच्या भारतीय सोनचाफ्यावरून, जरी या दोन वृक्षांचे कुळ एक नाही. पुढे तो देवळांच्या आवारात, समाधीजवळ आणि ख्रिस्ती दफनभूमीतही लावला गेला आणि ‘देवचाफा’ झाला. दक्षिण अमेरिकेतील गियाना प्रदेशातून आलेल्या एका वृक्षाच्या फुलात पुंकेसरांचा फडा आणि त्याखाली लिंगासारखा उंचवटा दिसतो, एवढ्या साम्यावर त्याला मराठीत ‘कैलासपती’ ही पदवी मिळाली. (दसऱ्याचा झेंडूही मेक्सिकोचाच, परंतु तो वृक्ष नसल्याने येथे त्याचा विस्तार अप्रस्तुत होय.)

या वृक्षांचे नागरिकत्व पूजेने सिद्ध झाले. देवळाच्या पायरीवर पडलेला पांढरा चाफा पाहून कोणासही मेक्सिको आठवत नाही. पुढील शतकात आलेल्या वृक्षांना मात्र देवळाची वाट मिळाली नाही. त्यांनी दुसरी वाट धरली.

दापुरी, शिवडी आणि मॉरिशस

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत १८२८ मध्ये पुण्याजवळ दापुरी येथे वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून १८४७ पर्यंत डॉ. अलेक्झांडर गिब्सन त्याचा अधीक्षक होता. पुढे तोच इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. दापुरीच्या उद्यानाचा मुख्य उद्देश शोभा हा नव्हता. सरकारी दवाखान्यांसाठी औषधी वनस्पती आणि शेतीसाठी उपयुक्त नवी पिके ही त्याची कामे होती. तरीही तेथे शोभेची झाडे वाढली. गिब्सनच्या सांगण्यावरून एका भारतीय चित्रकाराने तेथील वनस्पतींची काढलेली चित्रे आज एडिनबर्गच्या वनस्पती उद्यानात आहेत. चित्रकाराचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही. दापुरीचे उद्यान १८६५ मध्ये बंद झाले आणि १८७३ मध्ये गणेशखिंड येथे नवे उद्यान उभे राहिले.

मुंबईत शिवडी येथे पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. गुलमोहर भारतात प्रथम शिवडी येथे सुमारे १८४० मध्ये दिसल्याचे वृक्षविषयक लेखनात वारंवार नोंदवले जाते. ही बाग १८६५ मध्ये युरोपियनांच्या दफनभूमीसाठी घेतली गेली. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, ही त्याआधी थोड्याच वर्षांपूर्वी सुरू झाली होती. १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांनी इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा बाहेरून आणलेल्या वनस्पतींसाठी त्यांना स्वतंत्र पुरवणी जोडावी लागली. देशी आणि परदेशी यांतील रेषा तेव्हा अभ्यासकांना स्वच्छ दिसत होती. सामान्य माणसाच्या मनातून ती पुढच्या दोन-तीन पिढ्यांत पुसली गेली.

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. बोहेमियात जन्मलेला आणि मॉरिशसमध्ये स्थायिक झालेला वनस्पतिज्ञ वेन्सेस्लास बोयर याला तो १८२० च्या दशकात मादागास्करमध्ये आढळला आणि १८२९ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर अवघ्या काही दशकांत तो उष्ण कटिबंधातील जवळजवळ प्रत्येक वसाहतीत पोहोचला. याच मॉरिशस बेटावर १८३४ पासून भारतीय गिरमिटिया मजूर नेले जाऊ लागले आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील मराठी भाषकांचा मोठा भरणा होता. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत व आपली भाषा आणि गणेशोत्सव जपून आहेत. हिंदी महासागरावर ज्या काळात गुलमोहर मादागास्करच्या बाजूने पसरत होता, त्याच काळात कोकणची माणसे उलट दिशेने जात होती. त्या बेटावर गुलमोहर डिसेंबरच्या सुमारास फुलतो, कारण दक्षिण गोलार्धातील उन्हाळा तेव्हा असतो. तेथील मराठी मुलाच्या मनात तो नाताळ आणि नववर्षाशी जोडला जातो, महाराष्ट्रातील मुलाच्या मनात वार्षिक परीक्षेच्या निकालाशी.

या नव्या वृक्षांची मराठी नावेही बोलकी आहेत. ‘गुल’ हा फारसी शब्द फुलाचा, आणि ‘मोहर’ मराठी कानाला आंब्याच्या मोहोरासारखा ऐकू येतो. एकदा हे नाव रुळल्यावर त्याच साच्यात दक्षिण अमेरिकेतून आलेला निळा वृक्ष ‘नीलमोहर’ झाला आणि आग्नेय आशियाकडील पिवळा वृक्ष ‘सोनमोहर’. गुलमोहराशी नाते सांगून ही झाडे मराठीत शिरली. ब्रह्मदेशाकडील बुचाला मात्र सालीच्या उपयोगावरून रोकडे नाव मिळाले, आणि त्याच्या लांब देठाच्या फुलांची दोऱ्याशिवाय वेणी गुंफणाऱ्या पुण्यातील मुलींनी त्याला आपलेसे केले.

कुंपण आणि वेळापत्रक

गुलमोहर बीपासून सहज येतो, झपाट्याने वाढतो आणि थोड्या वर्षांत फुलू लागतो. नव्याने उभ्या राहणाऱ्या कचेऱ्या, रेल्वे वसाहती, बंगले आणि शाळा यांना अशाच झाडाची गरज होती. वड, चिंच, आंबा लावणारा माणूस नातवंडांचा विचार करत असे. बदलीवर आलेल्या अधिकाऱ्याला आपल्या मुक्कामातच फूल पाहायचे होते. त्यामुळे गुलमोहर प्रामुख्याने कुंपणाच्या आत आणि आखीव रस्त्याच्या कडेला वाढला, तर त्याच सुमारास फुलणारा बहावा आणि त्याआधी फुलणारे पळस, पांगारा, काटेसावर हे बहुतांशी माळावर आणि डोंगरउतारावर राहिले.

दुसरी बाब वेळापत्रकाची. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर आणि १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर शिक्षण वर्गांत, वर्षांत आणि परीक्षांत विभागले गेले. उन्हाळी सुट्टी ही या व्यवस्थेची देणगी. विसाव्या शतकात शाळा गावोगाव पोहोचल्या तसे एप्रिल-मे हे महिने मुलांच्या दृष्टीने शेताच्या कामाचे न राहता निकालाचे आणि सुट्टीचे झाले. नेमका तोच गुलमोहराचा बहर. त्याच्या पुंकेसरांची टोके एकमेकांत अडकवून लावलेल्या झुंजी, वाळक्या शेंगांच्या तलवारी, ठिपकेदार पाकळीची आंबट चव, या गोष्टी झाडाखाली बसायला वेळ असलेल्या मुलालाच ठाऊक होतात. ही मोकळीक सुट्टीने दिली. शाळा सुटल्यावर, म्हणजे कायमची सुटल्यावर, गुलमोहर त्या वर्षांची खूण म्हणून मागे राहिला. गाथेतील आंब्याचा मोहोर ‘कोण अजून आले नाही’ हे सांगत होता. गुलमोहर ‘काय परत येणार नाही’ हे सांगू लागला.

हा प्रकार केवळ मराठी मुलखापुरता नाही. जपानमध्ये सोमेइयोशिनो ही चेरीची जात एदो काळाच्या अखेरीस लोकप्रिय झाली आणि मेइजी काळात शाळा, बराकी, जुने किल्ले येथे मोठ्या प्रमाणावर लावली गेली. शालेय वर्षाचा आरंभ एप्रिलमध्ये ठरल्यावर शाळेतील पहिला दिवस आणि चेरीचा बहर यांची सांगड जपानी मनात पक्की बसली. दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियात नीलमोहर परीक्षेच्या दिवसांत फुलतो आणि त्याचे फूल डोक्यावर पडले तर विद्यार्थी उत्तीर्ण होतो, असे तेथे गमतीने मानतात.

मोहफुलाची वेगळी गोष्ट

येथवरच्या विवेचनात ‘मराठी मन’ असा शब्दप्रयोग केल्यास तो अपुरा ठरेल. ज्यांच्या घराला अंगण आणि शाळेला कुंपण होते, त्यांचीच ही स्मृती प्रामुख्याने आहे. ठाणे, कुलाबा, खानदेश आणि विदर्भातील आदिवासी समाजांसाठी फुलांचे सर्वांत महत्त्वाचे झाड मोह हे होते. चैत्राच्या मागेपुढे रात्रीतून टपटपणारी मोहफुले पहाटे झाडाखाली वेचायची, वाळवायची आणि टंचाईच्या महिन्यांसाठी साठवून ठेवायची, हा तेथील वार्षिक क्रम. हे फूल अन्न होते, दारू होते, विनिमयाचे साधन होते. ते सुंदर आहे किंवा नाही, हा प्रश्न गौण होता.

गुलमोहर बंगल्यांच्या आवारात रुजत होता त्याच शतकाच्या अखेरीस, १८९२ मध्ये, मुंबई सरकारने मोहफुलांविषयी स्वतंत्र कायदा केला. अवैध दारू रोखण्याच्या हेतूने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले बाळगण्यावर त्यानुसार निर्बंध आले. १८७८ च्या वन कायद्याने झाडाखालची जमीन आधीच नियंत्रणात आणली होती, आता पडलेल्या फुलावरही नजर आली. एका फुलाच्या वाट्याला सौंदर्याची प्रतिष्ठा आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला पोलिसी तपासणी. ही तुलना स्मरणरंजनाच्या कोणत्याही अभ्यासात टाळता येणार नाही. मोहफुलांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले, म्हणजे मूळ कायद्यानंतर सुमारे १३० वर्षांनी.

पळसाचेही काहीसे असेच झाले. पत्रावळीसाठी त्याची पाने आणि रंगपंचमीसाठी त्याची फुले घरोघरी येत असत. रंग पुड्यांत व पत्रावळी यंत्रावर मिळू लागल्यावर तो रोजच्या व्यवहारातून दूर गेला. आज शहरी माणूस पळस पाहतो तो बहुधा धावत्या गाडीच्या खिडकीतून.

देशी-परदेशीचा वाद आणि कायदा

फादर ब्लॅटर आणि मिलार्ड यांच्या १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय सुंदर वृक्षांवरील पुस्तकात गुलमोहरासारख्या परदेशी वृक्षांना देशी वृक्षांच्या पंक्तीत स्थान मिळाले होते. मराठीत दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ने आणि पुढे डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या वृक्षविषयक लेखनाने वाचकाला झाडांकडे पाहायला शिकवले. गेल्या काही दशकांत मात्र वारे उलटे फिरले आहे. अनेक वृक्षप्रेमी गटांचा आग्रह फक्त देशी झाडे लावण्याचा असून गुलमोहर हे त्यांच्या टीकेचे आवडते लक्ष्य आहे. उथळ मुळे आणि ठिसूळ फांद्या यांमुळे तो वादळात कोसळतो, ही टीका वस्तुस्थितीला धरून आहे. परंतु केवळ परका म्हणून त्याला नाकारायचे, तर देवचाफा आणि कैलासपती यांनाही तोच न्याय लावावा लागेल, आणि तो लावायला कोणी तयार होणार नाही. दुसरीकडे, आठवणीच्या बळावर गुलमोहरच पुन्हा पुन्हा लावत राहणे म्हणजे पुढील पिढीच्या आठवणीतून बहावा आणि पांगारा वगळण्यासारखे आहे. रस्त्याकडेला आज जे रोप लावले जाते, त्यावर आणखी तीस वर्षांनी कोणाला काय आठवेल हे ठरते. वृक्षलागवडीच्या याद्या तयार करताना हा विचार अपवादानेच होतो.

साताऱ्यात १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा केला जातो. तोच महाराष्ट्र दिन, आणि त्याच सुमारास राज्यपुष्पाचा मान असलेले ताम्हण नदीकाठी जांभळ्या रंगात फुललेले असते. या देशी वृक्षाला पदवी राज्याची मिळाली, आठवणीतील जागा मात्र मादागास्करच्या पाहुण्याने घेतली.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रातील वृक्षांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ मधील दुरुस्तीने त्यात ‘वारसा वृक्ष’ ही संकल्पना आली आणि त्यासाठी वयाची किमान अट ५० वर्षे ठेवण्यात आली. वड, पिंपळ, चिंच, आंबा, पर्जन्यवृक्ष ही अट सहज पूर्ण करतात. गुलमोहर दीर्घायुषी नाही. शाळेच्या फाटकाजवळचा गुलमोहर पन्नाशी गाठण्यापूर्वीच पावसाळ्यात उन्मळतो किंवा रस्तारुंदीकरणात जातो. त्याखाली खेळलेली मुले तेव्हा चाळिशीत असतात आणि वृक्ष प्राधिकरणाच्या नोंदवहीत त्या झाडापुढे जात, घेर व अंदाजे वय एवढेच लिहिलेले असते.